घर तपासले, अळी नाही

डेंग्यूतून उठलेल्या माणसाला सगळे एकच विचारतात, प्लेटलेट किती झाल्या होत्या? मी सांगते, बावीस हजार. ऐकणारा 'बाप रे' म्हणतो, माझ्या खांद्यावर हात ठेवतो, जपा म्हणतो. तो हात खांद्यावर असताना मला काय वाटायचं, ते मी कितीतरी दिवस कोणाला सांगितलं नाही. आजारातून बरं व्हायला मला दीड महिना लागला. त्या दुसऱ्या गोष्टीतून अजून पुरती उठलेली नाही. ज्यांच्या घरात सध्या कोणी तापाने पडलं आहे त्यांना यातून थोडी मदत झाली तर बरं, म्हणून लिहिते आहे.

माझं नाव सुनंदा, वय चौपन्न. विरार पूर्वेला चंदनसारमध्ये आमची चार मजल्यांची सोसायटी आहे. आम्ही पहिल्या मजल्यावर. मी जवळच्याच शाळेत पाचवी ते सातवीला विज्ञान शिकवते. नवरा, सुहास, वसईच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळतो. मुलगा पुण्याला असतो. आम्ही मूळचे साताऱ्याकडचे, पण इथे येऊन वीस वर्षं झाली, आणि त्यातली सहा वर्षं मी सोसायटीची सेक्रेटरी होते.

आमच्या कुंपणाला लागून निर्मलाताईंची वाडी आहे. आमची इमारत उभी आहे ती जागाही एकेकाळी त्यांच्याच घराण्याची. आता एक बैठं घर, केळी, अळू, दुधीचा मांडव, मोगऱ्याच्या दोन रांगा आणि मधे विहीर, एवढंच राहिलं आहे. निर्मलाताई भाजी आणि मोगरा घेऊन बाजारात बसतात. पती गेल्यापासून घरात त्या आणि त्यांची मुलगी प्राची. प्राची बावीस वर्षांची, पोलीस भरतीची तयारी करणारी. रोज सकाळी धावायला जायची, आल्यावर अंगणात गोळा फेकायची. आमच्या बाल्कनीतून सगळं दिसतं.

त्या पावसाळ्यात डास फार झाले होते. दिवसासुद्धा चावायचे. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मी लिहिलं, 'डासांचे मूळ शेजारची उघडी विहीर आहे. ती बुजवण्यासाठी आपण पालिकेकडे अर्ज करू.' पटापट अंगठे आले. अर्ज मीच लिहिला. पहिली सही माझी.

रेश्मा

श्रावणातली सकाळ होती. दुपारी घरी पूजा होती आणि मी नुकतीच लादी पुसली होती. दारात पंचविशीची एक मुलगी उभी होती. खांद्याला पिशवी, हातात टॉर्च आणि रजिस्टर. गळ्यातल्या कार्डावर नाव, रेश्मा.

"मॅडम, साठवलेलं पाणी बघायचं होतं. ड्रम, पिंप, फ्रिजच्या मागचा ट्रे."

"आज नको, पूजा आहे. आणि आमच्याकडे तसलं काही नसतं. बघायचं तर ती शेजारची विहीर बघा."

"बघितली मॅडम. तिच्यात गप्पी मासे सोडलेले आहेत. अळी नाही."

हे उत्तर मला आवडलं नाही. आवाज चढवायची गरजच पडली नाही, माझा वर्गातला आवाज पुरेसा असतो. "मी विज्ञान शिकवते. डास कुठे होतात ते मला सांगू नका."

ती तिथेच उभी राहिली. "घर बघितल्याशिवाय पुढे जाता येत नाही मॅडम. रजिस्टरमध्ये भरावं लागतं."

"मग भरा की. मी सही करते."

तिने रजिस्टर उघडलं, आमच्या फ्लॅटचा नंबर घातला आणि पुढे लिहिलं, 'घर तपासले, अळी नाही.' लिहून झाल्यावर तिने एकदा माझ्याकडे पाहिलं. मी सही केली. माझी सही सुवाच्य आहे.

आमच्या मागच्या बाल्कनीत एक निळा ड्रम होता. उन्हाळ्यात पाणी दोन-दोन दिवस येत नाही म्हणून भरून ठेवलेला. पावसाळा लागल्यावर पाणी नियमित झालं आणि ड्रम तसाच राहिला. झाकणाला चीर गेलेली. झाकणावर रद्दीचे गठ्ठे आणि गेल्या दिवाळीचा आकाशकंदील. मला तो ड्रम त्या वेळी आठवलाच नव्हता, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत होते. ते खरं नाही. रेश्माच्या तोंडून 'ड्रम' हा शब्द निघाला तेव्हाच मला तो आठवला होता. पण रद्दी हलवायचा कंटाळा आला होता.

निदान

गणपतीनंतरच्या आठवड्यात सातवीच्या वर्गावर असताना अचानक थंडी वाजली. संध्याकाळी एकशे तीन ताप. डोळ्यांच्या खोबण्या आतून कोणी दाबतंय असं दुखणं, आणि कंबरेपासून खाली पाय माझे नाहीतच. लघवीला जायला सुहासचा खांदा धरावा लागला. त्याची मान घामाने ओली होती. मला वाटलं तो दमलाय. तो घाबरला होता.

दुसऱ्या दिवशी रक्त दिलं. डॉक्टरांनी रिपोर्ट वाचून 'डेंग्यू' म्हटलं, तेव्हा मी त्यांना काय म्हटलं ते लिहायलाही संकोच वाटतो. म्हटलं, "कसं शक्य आहे? आमचं घर खूप स्वच्छ असतं."

डॉक्टर म्हणाले, "हा डास स्वच्छ पाण्यातच होतो, मॅडम."

हे मला माहीत होतं. दरवर्षी मी ते फळ्यावर लिहिते.

चार दिवस घरीच पाणी, ताक, शहाळं आणि तापाच्या गोळ्या. पाचव्या दिवशी ताप उतरला. मी उठून बसले, सुहासला म्हटलं, संपलं एकदाचं. दुपारी हिरड्यांतून रक्त आलं. सुहासने बेसिनमध्ये पाहिलं आणि रिक्षा आणायला धावला. आजारी माणसाच्या घरच्यांनी एवढं मात्र लक्षात ठेवावं. ताप उतरला म्हणजे सुटलो, असं या आजारात नसतं. मला दाखल करून घेताना डॉक्टरांनी हेच सांगितलं, जपायचे दिवस आता सुरू होतात.

वॉर्ड

महिलांच्या वॉर्डात सहा खाटा होत्या. सकाळी सहाला सिस्टर रक्त घ्यायला यायची, दहाच्या सुमारास आकडा कळायचा. त्या चार तासांत वॉर्डात कोणी फारसं बोलत नसे. एकीच्या वाढल्या की ती उगाच ओशाळायची, कारण शेजारणीच्या उतरलेल्या असायच्या. माझ्या पंचेचाळीस हजार, मग एकतीस, मग बावीस. हाताच्या शिरा सुजल्या. अंगावर लाल पुरळ आलं आणि तळवे असे खाजायचे की मी ते खाटेच्या लोखंडी दांड्यावर घासत बसायची. किती प्यायले आणि लघवी किती झाली, ते सुहास एका वहीत लिहायचा. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली होती, तरी ते मोजण्याचं भांडं त्याच्या हातात देताना मी मान वळवायची.

तिसऱ्या दिवशी समोरच्या खाटेवर प्राचीला आणलं. धावणारी, गोळा फेकणारी मुलगी स्ट्रेचरवर पाय पोटाशी घेऊन पडली होती. मागे निर्मलाताई, हातात कपड्यांची पिशवी. मला पाहून त्या थांबल्या.

"मॅडम, तुमीसुद्धा?"

निर्मलाताईंच्या घरची बोली निराळी आहे. माझ्याशी बोलताना त्या जपून शाळेतल्यासारखं बोलतात, पण 'ण' चा 'न' होतोच. दुसऱ्या दिवसापासून त्या दोन डबे आणायला लागल्या. एक प्राचीचा, एक माझा. तांदळाची पातळ पेज, मीठ घातलेली, वर थोडं तूप.

"सायबांना सैपाक येत नाय, म्हाइते मला. ही घ्या. डॉक्टर बोलले, पोटात पानी जायला पाहिजे."

त्यांच्या विहिरीविरुद्धचा अर्ज पालिकेत जाऊन तेव्हा तीन आठवडे झाले होते. त्यावर माझं नाव आहे हे त्यांना कळलं असेल का, हा विचार माझ्या मनात आला आणि तशीच मी पेज प्यायले. ती इतकी चांगली लागली की मी डबा निपटून घेतला.

"हळू बोल"

रिपोर्ट पॉझिटिव्ह आला की पालिकेची माणसं पेशंटचं घर बघायला येतात. ती आली तेव्हा सुहास घरी होता. संध्याकाळी तो माझ्या खाटेवर बसला आणि म्हणाला, "आपल्या ड्रममध्ये अळ्या सापडल्या. टॉर्च मारला तर पाणी वळवळत होतं. फ्रिजच्या ट्रेमध्येही होत्या. आपल्या फ्रिजला मागे ट्रे आहे हेच मला ठाऊक नव्हतं."

"हळू बोल," मी म्हटलं.

समोर चार हातांवर निर्मलाताई प्राचीच्या केसांतली गुंत सोडवत बसल्या होत्या.

सुहासने आवाज उतरवला. "त्यांच्या मुकादमाने रजिस्टर काढलं. महिन्याभरापूर्वी 'अळी नाही' लिहिलंय. रेश्मा म्हणून कोणी मुलगी आहे. सगळ्यांसमोर तिला नाही नाही ते बोलला. घर न बघताच भरतेस म्हणाला. ती नुसती खाली बघत होती." मग त्याने विचारलं, "आली होती तेव्हा तू तिला घर दाखवलं होतंस ना?"

मी म्हटलं, "हो. तिनेच वरवर बघितलं असेल."

हे मी शुद्धीत असताना म्हटलं. ताप नव्हता. पुढे अनेकदा मनात आलं की आजारपणात माणूस काहीही बोलतो, असं सांगून मोकळं व्हावं. पण मला त्या दिवशी अगदी स्वच्छ कळत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्राचीला आयसीयूत हलवलं. तिच्या पोटात आणि छातीत पाणी झालं होतं. निर्मलाताई बाहेरच्या बाकावर बसून राहिल्या. त्या दिवशीही माझा डबा आला, त्यांच्या जावेच्या हातून. तो मात्र मला उघडवेना. मी तो तसाच परत दिला आणि मळमळतंय म्हणून सांगितलं.

प्राची वाचली. तीन दिवसांनी तिला बाहेर आणलं. ज्या डासाने मला चावा घेतला तोच तिला चावला की दुसरा, हे कोणी सांगू शकत नाही. डॉक्टरांना मी आडून विचारलं होतं. ते म्हणाले, तसं सिद्ध करता येत नाही, पण हा डास फार लांब उडत नाही. आमच्या मागच्या बाल्कनीपासून प्राची जिथे गोळा फेकायची तिथपर्यंत वीस पावलं असतील.

घरी

घरी आले तेव्हा बाल्कनी मोकळी होती. सुहासने ड्रम देऊन टाकला होता. मी दोन खोल्या चालले की बसायची. केस मूठमूठ गळायचे. बघायला येणारे लोक पपईच्या पानांचा रस आणि किवीची फळं आणायचे, विहिरीला नावं ठेवायचे आणि मला म्हणायचे, तुम्ही आधीच सांगत होतात. मी गप्प बसायची. सुहासला त्या गप्प बसण्याचं नवल वाटे. तो एकदा म्हणाला, "अगं, ड्रमचं सांगून टाक ना. त्यात काय एवढं, चूक होते." मी त्याच्यावर इतकी चिडले की तो ताट घेऊन दुसऱ्या खोलीत गेला.

प्राचीची मैदानी चाचणी त्याच महिन्यात होती. तिला जाता आलं नाही. जिना चढताना तिचे गुडघे धरायचे. हे मला निर्मलाताईंच्या जावेकडून कळलं.

मग एके दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला पालिकेचे दोघे जण वाडीत आले. एकाच्या हातात टेप, दुसऱ्याच्या हातात कागद. ते विहिरीचा घेर मोजायला लागले. निर्मलाताई काठावर उभ्या होत्या. त्यांनी वरची जाळी बाजूला केली आणि वाकून पाण्याकडे बोट दाखवलं. मासे दाखवत असाव्यात. कागदवाल्याने तिकडे पाहिलंच नाही.

मी खाली उतरले. वीस पायऱ्यांना तीनदा बसले.

तोवर ती माणसं मोजमाप करून गेली होती. निर्मलाताई जाळी परत बांधत होत्या, प्राची पडवीत खुर्चीवर होती. मी उभ्यानेच सांगायला सुरुवात केली. अर्ज मी लिहिलाय, माझ्या घरात डासांच्या अळ्या होत्या, मी बघूच दिलं नाही, सही केली. निर्मलाताईंनी पुढे होऊन मला ओट्यावर बसवलं.

"मला म्हाइत हाय," त्या म्हणाल्या. "रेश्मा आमच्या गावातली. माझ्या मावसबहिनीची पोरगी. तुमच्या घरी त्यांची मानसं आली ना, त्याच दिवशी तिनं मला फोन केला."

मी हिशेब जुळवला. तो दिवस म्हणजे मी सुहासला 'हळू बोल' म्हटलं तो. त्यानंतरही डबे येत होते.

"मग पेज कशाला आणत होतात?"

त्यांना प्रश्न नीट कळला नसावा. "तुमी आजारी होतात," त्या म्हणाल्या.

मी रडायला लागले. प्राचीने पडवीतूनच माझ्याकडे पाहिलं. ती म्हणाली, "रडू नका मॅडम. आईला मग तुमचंच वाईट वाटेल." तिचा आवाज शांत होता, मऊ नव्हता. "रेश्माला कंत्राटदाराने कामावरून बंद केलंय. महिना झाला. मला सॉरी बोलून काय होणार? तिथे जाऊन सांगा."

खिडकीपाशी

घरी जाऊन मी दोन कागद लिहिले. एक विहिरीचा अर्ज मागे घेण्याचा, दुसरा रेश्माबद्दलचा. सुहास त्या दिवशी अर्ध्या दिवसाची रजा घेऊन घरी आला होता, त्याला आधी वाचायला दिले. दुसरा कागद वाचून झाल्यावर त्याने चष्मा काढला.

"मलासुद्धा खोटं सांगितलंस."

"हो."

"मी काय केलं असतं तुला?"

"काही नाही. तुझ्या मनातून उतरले असते."

त्याने चष्मा पुसून परत डोळ्यांवर चढवला. मग म्हणाला, "चल, मी येतो. तुला एकटीला चालवणार नाही." वाटेत रिक्षात तो माझ्याशी बोलला नाही. उतरताना मात्र हात दिला.

पालिकेच्या कार्यालयातल्या बाईंनी रेश्माबद्दलचा कागद दोनदा वाचला. मग आतून ते रजिस्टर आणवलं आणि माझ्यासमोर उघडून ठेवलं. "मॅडम, ही सही तुमचीच ना? इथे लिहिलंय घर तपासलं. आता तुम्ही लिहून देताय की तपासलं नव्हतं. आम्ही कोणतं खरं धरायचं?"

मागे रांगेत माणसं होती. त्यांतल्या एकाची मुलगी माझ्या वर्गात आहे.

"आताचं," मी म्हटलं.

त्या संध्याकाळी ग्रुपवर हेच लिहिलं आणि सेक्रेटरीपद सोडलं. मग तिसऱ्या मजल्यावरच्या एका बाईंनी लिहिलं, 'आमच्या फ्रिजच्या ट्रेमध्ये पाणी होतं, आत्ताच ओतलं.' त्याखाली आणखी दोघांनी तेच.

विहीर राहिली. रेश्माला दोन महिन्यांनी काम मिळालं, पण दुसऱ्या भागात, घरापासून लांब. मी तिला भेटायला गेले होते. तिने पाणी दिलं, बसवलं, फारसं बोलली नाही. निघताना म्हणाली, "चुकलं माझंपण मॅडम. मी लिहायला नको होतं." तिने असं म्हणणं मला फार लागलं. मी म्हटलं, तुझं चुकलं नाही, मी तुला लिहायला लावलं. तिने मान हलवली. पटल्यामुळे की मला वाटेला लावायला, कळलं नाही.

निर्मलाताई पूर्वीसारख्याच बोलतात. प्राची बोलत नाही. समोर आली तर बाजूला होऊन वाट देते. पुढच्या भरतीची ती वाट बघते आहे, एवढंच मला ठाऊक आहे.

हे सगळं लिहून झाल्यावर मी कागद घेऊन वाडीत गेले. त्यांच्याबद्दल लिहिलं होतं, तेव्हा त्यांना विचारल्याशिवाय कोणाला देणं बरोबर नव्हतं. निर्मलाताई म्हणाल्या, प्राचीला दाखवा, मला चष्मा सापडत नाय. प्राचीने दाराच्या चौकटीला टेकून सगळं वाचलं. नावं बदलायला सांगितली, ती मी बदलली. मग विहिरीपाशी मी जे कबूल केलं होतं, त्यातल्या एका ओळीवर बोट ठेवलं. आमच्या घरात अळ्या सापडल्या, असं मी तिथे लिहिलं होतं.

"सापडल्या काय मॅडम," ती म्हणाली. "होत्या."

मी तिथेच पेन काढलं. सुहासच्या तोंडची ओळ तशीच ठेवली, कारण तो तसंच म्हणाला होता. माझ्या तोंडची बदलली. माझ्या घरात डासांच्या अळ्या होत्या.